बीरगांवच्या शेडमधली झपकी

ताई, तुझ्या हातचा शेवटचा कूलर आज सकाळी अभनपुरला गेला.

टेम्पोत चढवताना मनहरणने त्याच्याखाली पोतं अंथरलं, दोरी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि मग ड्रायव्हरला उगाचच दम भरला. तू असतीस तर तूही भरला असतास, फक्त तुझा आवाज पार रस्त्यापलीकडे गेला असता. टेम्पो फाटकाबाहेर वळला, धूळ खाली बसली, तरी मी तिथेच उभा. कूलरच्या जाळ्यांमध्ये खसचं गवत भरणारी दुलारीबाई आतून ओरडली, "भैया, घाम म काबर खड़े हव?" उन्हात का उभे म्हणे; ऊन म्हणायचं असलं की ती घाम म्हणते. चैत्रातल्या रायपूर-बीरगांवात दोन्ही एकच. मी आत आलो आणि तुझी खुर्ची सोडून बाजूच्या स्टुलावर बसलो.

हे सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सुरू केलेली गोष्ट तुला चालत नसे. "अबे गजू, डोकं कुठाय याचं अन् शेपूट कुठाय?" म्हणायचीस.

तू गेलीस तेव्हा आपलं एक भांडण अर्ध्यावर होतं. इंदूरची ती मोठी कंपनी आपल्याकडून कूलर करून घ्यायला तयार होती. नाव त्यांचं, पत्रा आणि हात आपले. वर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात त्यांची कपाटं आणि टाक्या करायच्या. म्हणजे आषाढ लागला की आपलं शेड बंद पडतं आणि माणसं हात हलवत गावाला जातात, ते थांबलं असतं. अट एकच होती. शिफ्ट सलग चालली पाहिजे, दुपारी मशीन बंद दिसता कामा नये. मी म्हटलं, हो म्हण. तू म्हणालीस, झपकी गेली का शेड गेलं. मी म्हटलं, ताई, झोपेपायी कोणी धंदा सोडतं का? तू म्हणालीस, उद्या बोलू. मग तुझा ताप उतरेना आणि तो उद्या काही आला नाही.

कोणाला सांगायला गेलं तर हसतील अशीच गोष्ट आहे ही. कारखान्यात माणसं दुपारी झोपतात आणि मालकीणबाई त्याला काम म्हणते.

ती सुरुवात तरी कुठे ठरवून झाली होती! पहिल्या उन्हाळ्यात शेडवर नुसते पत्रे होते, खाली हात लावशील तिथे चटका. दुपारी काम होणंच शक्य नव्हतं. सकाळी तयार झालेले कूलर चालवून बघायचेच होते, तर तू म्हणालीस, पाणी भरा, सुरू करा, अन् पडा त्यांच्यासमोर. पडली सगळी. कोणी पोत्यावर, कोणी खोक्याच्या पुठ्ठ्यावर. थोड्या वेळाने एकजण वैतागून उठला, "ए ह अब्बड़ बाजत हे दीदी," फार वाजतोय म्हणे. तू कान लावून पाहिलंस, जाग्या कानाला काही ऐकूच येईना. खोलून बघितलं तर पंख्याचं एक पातं जरासं वाकडं. त्या दिवसापासून तुझा कायदा झाला. ज्याची झोप मोडली त्याने उठून त्या कूलरवर खडूने फुली मारायची. कोणाच्या हातचा आहे हे विचारायचं नाही. आपल्या स्वतःच्या हातचा असला तरी मारायची.

"जागेपणी कानाले सवय होते," तू मला समजावलं होतंस. "दिवसभर पत्रा बडवणाऱ्याले खडखड काय ऐकू येते? झोपेत मात्र कान खरं सांगते."

मी केबिनच्या काचेतून बघायचो, आत यायचो नाही. मी बाजाराचा माणूस, फोन आला तर कोण उचलेल? आणि खरं सांगू का, इस्त्रीचा शर्ट घालून पुठ्ठ्यावर आडवं व्हायचं मला जमलं नसतं. पण बघायचो. शटर अर्धं खाली यायचं. छपरातल्या हिरव्या फायबरच्या पट्टीतून हिरवट उजेड उतरायचा. खस भिजायची, तिचा वाळ्याचा वास शेडभर पसरायचा आणि पंख्यांचे आवाज एकमेकांत मिसळून एकच लांब आवाज व्हायचा, जणू कुठेतरी दूर धान पाखडून राहिले. तळ्याच्या तळाशी झोपावं तशी सगळी माणसं झोपलेली. तू खांबाजवळ, तुझ्या त्या चौकटीच्या पोत्यावर, हात उशाला घेऊन. एरवी तुझा आवाज बाजूच्या कारखान्यापर्यंत जायचा. पण त्या वेळी कोणी जरा खाकरलं तरी तू डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवायचीस.

आणि मग चहा. चहाबरोबर तुझी ती चौकशी. "काय दिसलं गा आज?" सगळ्यांना स्वप्नं विचारायचीस, आणि सगळे सांगायचेही! दुलारीला नेहमी भावाचं लग्न दिसायचं, त्यात प्रत्येक वेळी नवरी वेगळी. मनहरणला एकदा सगळे कूलर रांगेने महानदीवर पाणी प्यायला चाललेले दिसले. हसून हसून चहा सांडला होता सगळ्यांचा. मी म्हणायचो, ताई, याला कामाच्या ठिकाणचं वातावरण म्हणतात की येड्यांचा बाजार? पण तुला त्यातून बरंच कळायचं. कोणाला पाण्यानं भरलेलं शेत दिसायला लागलं की तू समजायचीस, याला पेरणीआधी गावाला जायचंय आणि तोंडाने मागायला लाजतोय. त्याने विचारायच्या आधीच तू सुट्टी द्यायचीस. कोणी काहीच दिसलं नाही म्हणाला की त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय हे ओळखून संध्याकाळी चालत त्याच्या पाऱ्यात, त्याच्या वस्तीत, जायचीस, गल्लीतल्या पोरांना खाऊ घेऊन. सांग बरं, कुठल्या कारखान्याचा मालक स्वप्नांवरून हजेरी ठरवतो?

मनहरणने पहिल्यांदा स्वतःच्या कूलरवर फुली मारली तो दिवस मला आठवतो. नवा होता तेव्हा. फुली मारून खडू हातात धरून तसाच उभा राहिला आणि तुझ्याकडे बघत होता, आता बोलणी बसणार म्हणून. तू म्हणालीस, "चाय पिऊन घे, मंग खोल." एवढंच. त्याने चहा घेतला, कूलर खोलला, नीट केला. त्यानंतर आजतागायत मनहरण दुसरीकडे कामाला गेला नाही. बाजूच्या कारखान्यांत दर होळीनंतर नवे चेहरे दिसतात. आपल्याकडे पावसाळ्यात काम संपतं, माणसं गावोगाव पांगतात, आणि फाल्गुन लागला की न बोलावता तीच माणसं फाटकाशी हजर. मी एकदा विचारलं होतं तुला, तू काय जादू करतेस? तू म्हणालीस, "झोपू देते बाप्पा, आणखी काय!"

रायपूरही तेव्हा झोपाळूच होतं, आठवतं? दुपारी बाजारात शटरं खाली, गल्ल्यांत कुत्रीसुद्धा हलायची नाहीत. आणि एक दिवस राज्य वेगळं झालं आणि आपलं गाव डोळे चोळत राजधानी झालं. जुन्या पाट्या पुसून नवीन लिहिल्या गेल्या, कुठल्या कुठल्या इमारतींत खाती येऊन बसली, भोपाळहून साहेबलोक आले आणि त्यांना पहिली गोष्ट कोणती लागली असेल तर थंड वारा. माझी तर दिवाळीच होती. चौबे कॉलनीतल्या घरातून सकाळी निघायचो ते ऑफिसांचे व्हरांडे पालथे घालत हिंडायचो. लोक विचारायचे, माल कसा आहे? मी म्हणायचो, डबल टेस्टेड. कसली टेस्ट ते कधी सांगितलं नाही. माणसं दुपारी झोपतात असं सांगून कोणी माल विकतं का? तू एकदा ऐकलंस आणि म्हणालीस, "मंग काहून लाजून राहिला? सांग ना, आमी झोपून पाहतो म्हणून." मी हात जोडले होते तुला.

त्याच दिवसांत मी एका हॉटेलात व्यवस्थापनाचं शिबिर करून आलो होतो. गळ्यात पट्टा, हातात फाईल. शिकवणारा सांगत होता, कंपनीची चाल वरच्या मजल्यावर ठरते पण चालते खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या मनाने, म्हणून त्यांना बोलतं करा, सूचनापेटी लावा. मी दुसऱ्याच दिवशी पेटी आणली. लाल रंगाची, कुलूपवाली, वर चीर. भिंतीवर ठोकली आणि मोठं भाषण दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कित्येक दिवसांनी उघडली तर आत पालीची अंडी. तू फक्त कुलूप काढून टाकलंस आणि तिच्यात खडू ठेवायला लागलीस. अजून तिथेच आहेत खडू.

पण ताई, त्या मोठ्या ऑर्डरचं मात्र मी आजही तेच म्हणतो. तू गेलीस म्हणून माझं मत बदलेल असं समजू नकोस. नव्या राजधानीतल्या एका मोठ्या खात्याची ऑर्डर होती, सगळ्या ऑफिसांना एकदम कूलर. किती व्हरांड्यांत बसून मी ती ओढून आणली होती. दिवस कमी होते. थोडे दिवस झपकी बंद ठेवली असती, फुलीबिली बाजूला ठेवली असती, तर झालं असतं. तू म्हणालीस, फुली न लागलेला माल आपल्या फाटकातून जाणार नाही. त्यांच्याकडून मुदत माग. मुदत कोण देतं? ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. त्या दिवशी घरी मी इतका बोललो तुला, इतका बोललो! हे काय आहे, धंदा आहे का लाड आहेत? तू भाजी निवडत होतीस. म्हणालीस, "धंदा आहे. लाड मी एकाचेच केले, अन् थो आता माझ्याशी भांडून राहिला." मी आणखीच भडकलो. खोलीत येरझाऱ्या घालत तुला बाजार म्हणजे काय, स्पर्धा म्हणजे काय, सगळं शिकवलं. शेवटी मिनू दारात येऊन उभी राहिली. माझी ही पोट्टी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "पापा, बुआ तो कब की सो गई. आप किससे लड़ रहे हो?" बघतो तर तू खरंच झोपली होतीस, मांडीवर पालकाची जुडी.

ती ऑर्डर घ्यायला पाहिजे होती, ताई. आपण आज आहोत त्यापेक्षा मोठे झालो असतो. की नसतो झालो? हे कळायला आता काही मार्गच नाही, आणि माझ्याशी वाद घालायला तूही नाहीस. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. जिंकण्यासाठी तरी समोर कोणी पाहिजे ना.

दवाखान्यात तुझ्या खाटेवरचा पंखा आठवतो? कटकट, कटकट. तुला बोलायचा त्रास व्हायचा, तरी वर बघून म्हणालीस, "याले कोणी फुली मारत नाही का रे?" नर्सला वाटलं तुला भ्रम झालाय. मी हसलो आणि मग बाहेर जाऊन जिन्यात बसून रडलो. आत येऊन तुला विचारायचं होतं, इंदूरवाल्यांना काय सांगू? तुझ्याकडे बघितलं तर विचारवेना. मी पाय दाबत बसलो. तुझे पाय किती हलके झाले होते. मनहरण आणि दुलारीही भेटायला आले होते. दुपारची वेळ, नेमकी झपकीची. तू झोपलीस. आम्ही तिघंही सवयीने गप्प बसलो, कोणी जरासाही आवाज केला नाही. बराच वेळ. त्यातच तू कधी गेलीस ते आम्हाला कळलं नाही.

तुझी तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी शेड उघडलं. इंदूरचे साहेब त्याच दिवशी शेड बघायला येणार होते, दुपारी. मी मनहरणला सकाळीच सांगून ठेवलं, आज शटर खाली नाही घ्यायचं, मशीन चालू दिसल्या पाहिजेत. "हव भैया," म्हणाला. छत्तीसगढी माणूस हव म्हणाला की मराठी माणसाने समाधान मानून घरी जाऊ नये, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. डबे धुऊन झाले आणि शटर आलं ना अर्धं खाली! कोणी ओढलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाणी भरलं गेलं, पंखे फिरायला लागले, खसचा वास उठला, आणि एकेक माणूस आपापल्या जागी आडवा झाला. मी रागाने केबिनच्या बाहेर आलो, तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्या हिरव्या उजेडात ओरडायचं कसं?

खांबाजवळची तुझी जागा रिकामी होती. पोतं तसंच अंथरलेलं. त्याच्यासमोर तुझा कूलर, आजारी पडायच्या आधी तू स्वतः बसून जोडलेला. हात थरथरायला लागले होते तुझे, तरी कोणाला लावू दिला नाहीस. ओळीतला तेवढा एकच बंद होता. त्याला कोणी पाणीसुद्धा भरलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब शटरखालून वाकून आत आले. पन्नाशीचा माणूस, घामाने चिंब, हातात रुमाल. चहूकडे बघितलं. "ये... सब सो रहे हैं?"

ताई, तुझी शपथ, मी ठरवून आलो होतो की आज लाइट गेली होती किंवा तब्येतीचं काहीतरी सांगू. पण तोंडातून निघालं, "टेस्टिंग चल रही है, साहब." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पुढचंही सांगितलं. झोप, जाग, खडू, फुली, सगळं. साहेब ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी तुझ्या कूलरकडे बोट दाखवलं. "और ये वाला? ये बंद क्यों है?"

मी बादली घेतली, पाणी भरलं, बटण दाबलं. कूलर सुरू झाला. जागेपणी मला त्यात काहीच ऐकू आलं नाही. आणि टेस्ट करायची तर झोपावं लागतं. साहेबांना स्टूल दिलं, चपला काढल्या, आणि इस्त्रीच्या शर्टासकट तुझ्या पोत्यावर आडवा झालो. तुझ्या तेलाचा वास अजून होता त्याला.

मला वाटलं होतं झोप कसली येते! पण तेरा दिवसांचा शीण, तो वारा, ती ओली खस... मी कुठे होतो तेच कळेना. बाबांचं रेल्वे क्वार्टर होतं. मला गोवर आलेला, अंग फुललेलं, डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. खिडकीला खसची ताटी. तू परकर-पोलक्यातली, तांब्यात पाणी घेऊन त्या ताटीवर हाताने शिंपडत होतीस. तांब्या ताटीला लागून वाजू नये म्हणून एक हात खाली धरलेला. पाणी थेंबाथेंबाने सांडायचं आणि तू ओठांवर बोट ठेवून कोणालातरी दाराबाहेर थांबवायचीस. किती वेळ? मी झोपेपर्यंत. झोपलो तरी. हे सगळं माझ्याजवळ होतं, ताई, आणि मी कधी काढूनच बघितलं नाही. एवढं मोठं शेड उभं राहिलं, एवढी भांडणं झाली, धंदा का लाड, धंदा का लाड, आणि तू मला एकदाही सांगितलं नाहीस की तू हे कुठून आणलंस.

तांब्या वाजला. टक. पुन्हा, टक. मी म्हटलं, ताई, तुझा हात तर कधी चुकत नाही. पुन्हा, टक. आणि मी जागा झालो.

तुझा कूलर वाजत होता. बारीक, पण वाजत होता. मी मान वळवून बघितलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण कोणी घोरत नव्हतं, कूस बदलत नव्हतं. मनहरणच्या पापण्या हलत होत्या. ते सगळे जागे होते. सगळ्यांना ऐकू येत होतं आणि कोणीही उठत नव्हतं. दीदीच्या कूलरवर फुली कोण मारणार?

मीही डोळे मिटून घेऊ शकत होतो. साहेबांना काय कळणार होतं? पण मिटले असते तर त्या दिवसापासून आपलं शेड म्हणजे दुपारी माणसं झोपतात असं एक शेड राहिलं असतं, बाकी काही नाही. मग सलग शिफ्टच बरी.

उठलो. लाल पेटीतून खडू काढला. तुझ्या कूलरसमोर उभा राहिलो. नवा निळा रंग होता, तू कोपऱ्या-कोपऱ्याला पुन्हा फिरवलेला. मी त्याच्यावर फुली मारली. चांगली मोठी. तू मारायचीस तेवढी.

दुलारीबाई उठून बसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "दीदी रहितिस त उहू मारतिस." असती तर तिनेही मारली असती म्हणे. मग एकेक जण उठून बसला.

साहेबांनी हळूच विचारलं, "किसका बनाया हुआ है?"

"मेरी बड़ी बहन का. आखिरी."

त्यांनी वाकून ती फुली नीट बघितली. मग धंद्याचा माणूस धंद्यावर आला. म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण एवढा वेळ मशीन बंद, बाजार थांबत नाही, भावना वेगळी आणि धंदा वेगळा. आणि ताई, तो अगदी माझंच बोलत होता. माझी वाक्यं, माझा हात उडवायचा ढंग. आणि त्याच्यासमोर बसून मी तुझं बोलत होतो! म्हटलं, साहेब, माझ्या फाटकातून गेलेला माल परत येत नाही, माझी माणसं न बोलावता परत येतात, तुम्ही तुमच्या इंदूरला हे पैसे देऊन करून दाखवा. तुम्हाला नाव लावायचंय ना आमच्या कूलरवर? मग ते नाव फुलीतून जाईल. काम बारा महिने द्या, आम्हाला पाहिजे आहे, गरज आहे. पण झपकी राहील. मनहरण चहाचे ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत होता, जणू माझ्या अंगात आलंय. आलंच होतं म्हण.

साहेब म्हणाले, वर विचारावं लागेल. चहा पिऊन गेले. जाताना शटरखालून वाकले आणि मागे वळून एकदा तुझ्या जागेकडे बघून गेले.

मग कूलर खोलला. काही मोठं नव्हतं. पंख्याचा एक पेच ढिला राहिला होता, तुझ्या थरथरत्या हाताला तेवढा शेवटचा पीळ बसला नव्हता. मनहरणने पाना लावला. आवळताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाना माझ्या हातात दिला. शेवटचा पीळ मी दिला. फुली ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्या दुपारी पुन्हा लावला, पुन्हा मी त्याच्यासमोर पडलो. कोणी उठलं नाही. मला तर चहाला हलवून उठवावं लागलं. दुलारीने विचारलं, "का दिखिस भैया?" मी म्हटलं, एक पोरगी दिसली, पाणी शिंपडत होती. कोणी हसलं नाही. मनहरणने माझ्या ग्लासात आणखी चहा ओतला.

काही जण म्हणाले, हा कूलर विकू नका, ठेवून घ्या, फोटोला हार घालतो तसा. मी म्हटलं, तिने ऐकलं तर मले फाडून खाईल. पास झालेला माल शेडमध्ये ठेवायचा नाही, हा पण तुझाच कायदा. अभनपुरच्या एका धान्यवाल्याने फोन केला होता. घरात सून बाळंत झालीय, उकाड्याने बाळ झोपत नाही. पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, भैया, आवाज नको बरं. मी म्हटलं, पाठवतो.

आता दुपार आहे. शटर अर्धं खाली आहे आणि सगळे झोपलेत. आज मी झोपलो नाही, हे लिहून राहिलो. केबिनमधला फोन मघापासून वाजतोय, इंदूरचाच असेल. मी तो न घेता दुलारीच्या गवताच्या पोत्यात खोल घालून ठेवलाय, आता नुसती गुणगुण येते. चहानंतर बोलीन. हो म्हणाले तर बरंच आहे, पावसाळ्यात ही माणसं इथेच राहतील. नाही म्हणाले तर फाल्गुनात येतीलच.

टेम्पो केव्हाच पोचला असेल. पाणी भरलं असेल त्यांनी, खस भिजली असेल. बाळाचे डोळे आता मिटून राहिले असतील.

ताई, आवाज नको करू.